पावणेपाचशे ग्रॅमची कादंबरी

डायलिसिसच्या खोलीबाहेर भिंतीला लागून एक लांबच लांब बाक होता, आणि त्या बाकावर बसणाऱ्या बायकांना मशीनच्या नंबराने ओळखायची पद्धत पडून गेली होती. ज्या मशीनवर तुमचं माणूस झोपलेलं, तो तुमचा नंबर. आत मशीन चार, म्हणून बाहेर बाया चार. एक नंबरवाली म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई, त्या आपल्या धाकट्या भावाला घेऊन यायच्या. दोन नंबरवाली सासूबाईंना आणायची आणि सासूवर सख्ख्या लेकीसारखी खेकसायची. चार नंबरवाली बँकेत होती, वडिलांना आत सोडलं की मांडीवर लॅपटॉप उघडायची. आणि तीन नंबरवाली, जिची ही गोष्ट, ती नवऱ्याला आणायची आणि बसल्या जागी झोपायची.

तिची झोपही धड झोप नव्हती. टाचणी पडली तरी जाग यायची, आणि भिंत कोसळली तरी उठू नये असं वाटायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते साडेअकरा. सहा वर्षं. या सहा वर्षांत ती एका दिवसाहून जास्त कुठे गेली नव्हती. गेली होती ती एकदा भाच्याच्या लग्नाला, आणि तिथेही जेवणाच्या पंगतीत घड्याळ बघत बसली होती.

पहाटे पाचला उठायचं, नवऱ्याचं आवरायचं, पांघरूण, टॉवेल, फाइल पिशवीत कोंबायची, दोन बस बदलून इथे यायचं. एकला घरी परत. दोन ते आठ एका तयार कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर. तिथे ती पँटी आखूड करायची, चेन बदलायची, कमरा सैल करायची. लोक विकत घेतात ती पँट नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांची असते. ती ज्याची त्याला करून द्यायची, हे तिचं काम. दिवसाला पंधरा-वीस पँटी. रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आत काळे दोरे दिसायचे.

नवरा तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचा. दहाव्या मजल्यावर दोरखंडाला लटकून शिट्टी वाजवणारा माणूस. आता त्याला दोन जिने चढताना तीनदा थांबावं लागे. दिवसाला एक लिटर पाणी, त्यावर थेंब नाही, कारण आत गेलेलं पाणी बाहेर पडायचा मार्गच बंद झालेला. ती सकाळी एक बाटली मोजून भरून ठेवायची आणि दुकानात जायची. चहा, औषधाचे घोट, सगळं त्यातच. उन्हाळ्यात तो बाटलीकडे असा बघायचा की तिला स्वतःचं पाणी मोरीत जाऊन प्यावं लागे. मुलगा दूरच्या शहरात होता, दर रविवारी फोन करून "बाबांचं पथ्य नीट सांभाळ हं" असं सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकायला फोन फार सोयीचा.

अशात तिच्या थोरल्या बहिणीने एक खूळ काढलं. बहीण एकटी, निवृत्त, दुसऱ्या गावी दोन खोल्यांत राहणारी. तिने फोनवर सांगितलं, "आठ दिवस माझ्याकडे ये. बोलायला नको, फिरायला नको. नुसती झोपायला ये. मी जेवायला सुद्धा उठवणार नाही."

तीन नंबरवालीने स्वयंपाकघरात नळ सोडून, हळू आवाजात "बघू गं ताई" म्हटलं. दर दोन-तीन दिवसांनी बहीण विचारायची, दर वेळी ही नळ सोडून "बघू" म्हणायची. पण त्या आठ दिवसांनी तिच्या डोक्यात घर केलं. पँट शिवताना तिला ताईकडची ती खिडकीजवळची खाट दिसायची. तिला ती खाट इतकी हवी होती की त्याची तिला लाज वाटायची. माणूस मरणाच्या दारात बसलंय आणि आपल्याला खाट दिसते! नवऱ्यापाशी विषय काढायला तिची जीभ रेटेना.

बाकावरच्या बायकांना मात्र तिने सांगितलं होतं. मास्तरीणबाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "जा की मग. तीन दिवस तर यायचं असतं. एक दिवस मी आणीन त्यांना, एक दिवस ही, एक दिवस ती. हाकानाका."

"आणण्याचं नाही हो," ती म्हणाली. "घरी बाटलीवर नजर कोण ठेवणार?"

पाण्याची तहान म्हणजे काय, हे त्या चौघींना चांगलं ठाऊक होतं.

पुस्तक आलं ते याच सुमारास. मास्तरीणबाईंच्या भाचीने टाकून दिलेली कादंबरी, गुलाबी कव्हर, कव्हरवर एका बाईच्या नुसत्या पाठीचं चित्र. मास्तरीणबाईंनी आधी नाक मुरडलं, मग वाचायला घेतली, मग एकदा बाकावर एकट्याच खुदकन हसल्या. इतकी वर्षं निबंधाच्या वह्या तपासलेल्या बाईला हसू आलं म्हटल्यावर बाकीच्यांनी रांग लावली. लगेच नियमही झाले, मास्तरीणबाई असताना नियम होणारच. पुस्तक मशीनच्या नंबराने पुढे जाईल. प्रत्येकीला दोन आठवडे. घरी न्यायला हरकत नाही, पण पाळीच्या दिवशी पुढचीच्या हातात पडलं पाहिजे. हरवलं तर नवं आणायचं. आणि शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही.

गोष्ट साधी होती. एक चव्वेचाळीस वर्षांची बाई रोजच्यासारखी नवऱ्याला ऑफिसात सोडते आणि स्वतःच्या ऑफिसकडे वळायच्या ऐवजी गाडी सरळ पुढे हाकते. समुद्राकाठच्या एका पडक्या खानावळीत खोली घेते. तिथल्या मालकिणीशी भांडते, मग तिथेच स्वयंपाक करायला लागते, मासे जाळते, पोहायला शिकते, एका सुताराशी अर्धवट प्रेमात पडते. इकडे नवऱ्याला वॉशिंग मशीन चालवता येत नाही, तो फोन करून विचारतो, आणि ती फोनवरूनच त्याला शिकवते. पानोपानी हसू. आणि प्रश्न एकच, ती परत जाते का?

बाकावर यावरून दोन तट पडले. दोन नंबरवाली म्हणायची, "जाणारच. पुस्तकातल्या बायका शेवटी घरीच जातात. नाहीतर आपल्यासारख्या घेतील कशाला?" चार नंबरवालीने अजून वाचलं नव्हतं, तरी मान वर न करता म्हणायची, "जाऊच नये तिने." या गप्पा काचेच्या दारातून आत ऐकू जायच्या. आत चार माणसं हाताला नळ्या लावून चार-चार तास छताकडे बघत पडलेली. ऐकण्यापलीकडे त्यांना दुसरं काम नव्हतं.

तीन नंबरवालीची पाळी आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याच्याने काय वाचून होतंय. पहिल्या दिवशी आठ पानं वाचली आणि झोपली. पण कादंबरीतली बाई गाडी वळवायची विसरते त्या पानाशी ती थबकली. ते पान तिने तीनदा वाचलं. त्यानंतर ती बाकावर झोपेनाशी झाली. घरी, बसमध्ये, दुकानात दोन पँटींच्या मधे वाचू लागली. कितीतरी वर्षांनी तिचं लक्ष कुठेतरी लागलं होतं.

एकच गोष्ट तिला छळत होती. खूण म्हणून ती पँटीच्या कापलेल्या पट्टीचा तुकडा घालायची, आणि तो तुकडा कधी पुढे, कधी मागे सापडायचा. पुस्तक पिशवीत ठेवून दुकानात जायचं, आल्यावर उघडावं तर खूण भलत्याच पानावर. तिला वाटलं, आपण अर्धवट झोपेत पानं उलटतो आणि विसरतो. "डोकं गेलं माझं," ती मास्तरीणबाईंना म्हणाली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "डोकं नाही, झोप गेलीये."

शनिवारी शेवटच्या तासात तिने कादंबरी संपवली. कादंबरीतली बाई परत जात नाही. नवरा तिला न्यायला येतो, ती त्याला खानावळीतली सगळ्यात वाईट खोली देते, दोन दिवस पोटभर जेवू घालते आणि तिसऱ्या दिवशी बसमध्ये बसवून देते. तो खिडकीतून हात हलवतो, तीही हलवते, आणि मग ती पोहायला जाते. संपलं. तीन नंबरवालीने पुस्तक मिटलं आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. ती त्या बाईवर चिडली होती. आणि त्याहून जास्त, तिला त्या बाईचा हेवा वाटत होता. मंगळवारी पुस्तक चार नंबरवालीला द्यायचं होतं. त्या शनिवारीच तिने मनाशी ठरवलं, मंगळवारी यांच्याशी बोलायचं. आठ दिवस मागायचे. मागून घ्यायचे, गाडी वळवायला आपल्याकडे गाडी आहेच कुठे!

शनिवार ते मंगळवार ही मोठी सुट्टी. मधे दोन दिवस पडतात म्हणून अंगात पाणी जास्त साचतं आणि मंगळवारी वजनकाट्यावर उभं राहताना सगळ्यांचीच छाती धडधडते. डायलिसिसचा सगळा हिशेब त्या काट्यावर. कोरडं वजन ठरलेलं असतं, तिच्या नवऱ्याचं अठ्ठावन्न किलो. काट्यावर त्याहून जे जास्त भरेल तेवढं पाणी समजायचं आणि मशीनने तेवढं काढून टाकायचं. चपला बाहेर, खिसे रिकामे, नेहमीचा एकच स्वेटर, म्हणजे घोळ नको.

त्या मंगळवारी नवरा काट्यावर उभा राहिला आणि आकडा आला एकसष्ट किलो शंभर.

सिस्टरने चष्म्यावरून पाहिलं. "काका, तीन किलो शंभर? अडीच-पावणेतीनच्या वर कधी जात नाही तुमचं. पाणी प्यायलात ना?"

एरवी हा माणूस पन्नास ग्रॅमसाठी काट्याशी भांडायचा, स्प्रिंग ढिली झाली म्हणायचा, लिफ्टवाला असल्याने कुठल्याही यंत्रावर त्याचा विश्वास नसे. आज तो मूग गिळून गप्प. स्वेटरवर दोन्ही हात घट्ट बांधून उभा. तीन नंबरवालीच्या मनात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तिने रविवार आठवला, सोमवार आठवला. बाटली तिने मोजूनच भरली होती. राहिल्या दुपारी. ती दुकानात असते त्या दुपारी.

"मी नसताना नळाला तोंड लावता का तुम्ही?" ती म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

तिच्याकडे बघून नवऱ्याने फक्त मान खाली घातली आणि आत गेला.

ती बाकावर आली. राग तर होताच. पण रागाच्या खाली काहीतरी खचलं होतं. सहा तास डोळ्याआड झालं तर हा माणूस अर्धा लिटर पितो. मग आठ दिवसांत काय करेल? ती ताईकडे खाटेवर झोपली असेल आणि इकडे याच्या छातीत पाणी भरेल. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला आता स्वच्छ दिसलं. तिने व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बहिणीला फोन लावला.

"ताई, नाही जमत. आता नको विचारूस."

"अगं पण..."

"विचारू नकोस म्हटलं ना. तू विचारतेस आणि मला जावंसं वाटतं." एवढं बोलून तिने फोन बंद केला आणि तोंड धुऊन बाकावर येऊन बसली.

चार नंबरवालीने लॅपटॉप मिटवून हात पुढे केला. "काकू, पुस्तक. आज माझी पाळी."

तिने पिशवीत हात घातला. फाइल, टॉवेल, डबा. पुस्तक नाही. पिशवी उलटी केली. तरी नाही. सकाळी घेतलं होतं, नक्की घेतलं होतं. घेतलं होतं का? पट्टीचा तुकडा तेवढा पिशवीच्या तळाशी सापडला. चार नंबरवाली "असू दे, गुरुवारी द्या" म्हणाली, पण तिचं तोंड उतरलेलं दिसत होतं, महिनाभर ती या पुस्तकाची वाट बघत होती. तीन नंबरवालीला वाटलं, आता बास. नवरा सांभाळता येत नाही, बाटली सांभाळता येत नाही, एक पुस्तक सांभाळायला दिलं तर तेही नाही. ती बाकावर डोकं भिंतीला टेकवून बसली.

दहा वाजून गेले असतील. काचेचं दार उघडलं. "तीन नंबरचे नातेवाईक! लवकर या!"

ती धावली. नवरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम, पोटरीत गोळे आल्याने पाय ताठ. खाट डोक्याकडून खाली केलेली. टेक्निशियन मशीनची बटणं दाबत होता, सिस्टर सलाईन सोडत होती. "बीपी पडलं. पाणी काढणं थांबवलंय. पाय दाबा, पंजा वरच्या बाजूला ढकला, जोरात." तिने पंजा धरला आणि जीव खाऊन ढकलला. सहा वर्षांत हे पाच-सहा वेळा झालं होतं, तरी दर वेळी तिला तेच वाटायचं की हे शेवटचं. "अहो, अहो," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं.

पंधरा मिनिटांनी त्याच्या ओठांवर रंग आला. सिस्टरने घामाने भिजलेलं पांघरूण काढलं आणि त्याच्यासोबत काहीतरी धप्पकन जमिनीवर पडलं.

गुलाबी कव्हर. बाईची पाठ.

सिस्टरने पुस्तक उचललं, उलटसुलट केलं, मग त्याच्या स्वेटरकडे बघितलं, मग दारातल्या वजनकाट्याकडे. "काका," ती म्हणाली, "हे तुम्ही वजन करताना कुठे ठेवलं होतं?"

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. "पँटीत. पोटाशी. स्वेटरच्या आत."

टेक्निशियनने पुस्तक नेऊन आधी काट्यावर ठेवलं, मग औषधांच्या छोट्या तराजूवर. "पावणेपाचशे ग्रॅम," तो म्हणाला. "म्हणजे पुस्तकाचं वजन आपण पाणी समजून यांच्या अंगातून काढलं." आणि मग त्याचा आवाज चढला. "अहो, तुम्हाला काही अक्कल? जीव गेला असता!"

दाराशी उभ्या असलेल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि या पुस्तकाला लोक हलकंफुलकं म्हणतात." कुणी हसलं नाही, मग दोन नंबरची सासू पलीकडच्या खाटेवरून हसली, आणि मग सगळेच हसले. तीन नंबरवाली सोडून. ती नवऱ्याचा पाय धरून तशीच उभी होती. तो पाणी प्यायला नव्हता. घोटभरही जास्त प्यायला नव्हता. ती त्याला चार माणसांत नाही नाही ते बोलली आणि त्याने ते ऐकून घेतलं, कारण साठ वर्षांच्या लिफ्टवाल्याला स्वेटरमधून बायकांची कादंबरी काढून दाखवायची लाज वाटली. तिला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसावासाही वाटला. तिने घाम पुसला.

साडेअकराला सुया निघाल्या. सुई निघाली की त्या जागेवर दहा मिनिटं कापूस दाबून धरावा लागतो, नाहीतर रक्त थांबत नाही. हे काम सिस्टरही करते, पण सहा वर्षं तीन नंबरवालीच करत आली होती. ती खाटेच्या कडेला बसली, दोन बोटं त्याच्या हातावर रोवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"पाणी नव्हतो प्यायलो," तो म्हणाला.

"कळलं."

"बाटलीत उरायचंच, उलट."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? आणि पुस्तक कधीपासून वाचताय?"

"दोन आठवडे. तू दुकानात गेलीस की. त्या चिंधीमुळे फार घोटाळा व्हायचा, कुठे होती ते लक्षात राहायचं नाही." तो जरा थांबला. "तुम्ही बाहेर बोलायच्या. नवऱ्याला टाकून गेली, नवऱ्याला टाकून गेली. म्हटलं, बघू तरी काय केलं होतं त्या नवऱ्याने."

"काय केलं होतं?"

"काही नाही. तेच तर." त्याने छताकडे पाहिलं. "शेवट काय आहे? आता ती चार नंबरची घेऊन जाईल. ती बाई परत येते का?"

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. तिच्या बोटांखाली त्याच्या हातातली, डायलिसिससाठी जोडून घेतलेली शीर थरथरत होती. ही थरथर आहे तोवर सगळं ठीक, असं डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून ती रोज हात लावून बघत आली होती. तिला खानावळीतली वाईट खोली आठवली, बसच्या खिडकीतून हलणारा हात आठवला. अशा माणसाला, असं पडलेलं असताना, कोण सांगेल?

"येते," ती म्हणाली. "परत येते. शेवटच्या पानावर."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग तू जा ताईकडे. आठ दिवस."

तिने चमकून पाहिलं.

"नळ सोडलास म्हणजे ऐकू येत नाही, असं वाटतं तुला? किडनी गेली माझी, कान नाही गेले. नुसती झोपायला जा म्हणते ना ती? जा. इथे मला या तिघी आणतील. पुस्तकासारखं फिरवा म्हणावं, एकीकडून दुसरीकडे. बाटली मी सांभाळतो."

दहाची बारा मिनिटं झाली तरी तिने बोट काढलं नव्हतं. मग तिने पट्टी चिकटवली आणि फाइल आणते म्हणून उठली. उठताना तिला खरंच हलकं वाटत होतं, आणि वाटत होतं म्हणून भीतीही वाटत होती.

टेबलाशी सिस्टर झाल्या प्रकाराचा कागद लिहीत होती. पुस्तक तिच्या कोपराशी. "हे घ्या तुमचं कारस्थान," ती म्हणाली. "आणि त्यांना सांगा, पुन्हा असं केलं तर मी सगळे कपडे काढायला लावून वजन करीन. माझंही चुकलंच म्हणा. बीपी पडायला लागलं की माणूस जांभया देतो, हे मी शिकवते शिकाऊ पोरींना. पण यांनी शेवटचं पान वाचलं, पुस्तक मिटलं, 'झालं एकदाचं' म्हणाले आणि जांभया द्यायला लागले. मला वाटलं, कंटाळवाणं असेल."

"शेवटचं पान?" तीन नंबरवाली म्हणाली.

"हो ना. माझ्यासमोर मिटलं. त्यानंतर पाच मिनिटांत हे रामायण."

ती पुस्तक आणि फाइल छातीशी धरून उभी राहिली. चार नंबरवाली दारात वाट बघत होती. तिने पुस्तक तिच्या हातात दिलं, "शेवट सांगू नका हं" असं काहीतरी ती पोरगी म्हणाली, हिने मान हलवली. मग ती परत खाटेपाशी आली. नवरा उठून बसला होता आणि एका हाताने स्वेटरची बटणं लावत होता.

"तुम्ही शेवट वाचला होता," ती म्हणाली.

"हो."

"मग मला कशाला विचारलंत?"

"तू काय सांगतेस ते ऐकायचं होतं." बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते त्याने काढलं आणि पुन्हा लावू लागला.

सहा वर्षांत ती या खोलीत एकदाही रडली नव्हती, रडायला बळ लागतं आणि ते तिने दुसऱ्या कामांसाठी राखून ठेवलं होतं. "आणि मी खरं सांगितलं असतं तर?" तिने विचारलं. "येत नाही म्हटलं असतं तर?"

तो थोडा वेळ विचार करत बसला, एखादी लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली असेल याचा विचार करायचा तसा.

"तरी जाच म्हटलं असतं," तो म्हणाला. "आठच दिवस म्हटलं नसतं, एवढंच."